हौस फिटते, मग हाव का फिटत नाही?



आजची गोष्ट एका शब्दापासून सुरू होते. आमच्या एका गटाची बैठक चालू होती. बचत जमा झाली होती, अंतर्गत कर्जाचे हप्ते वहीत चढवून झाले होते आणि चहाची वाट बघत सगळ्या बसल्या होत्या. ज्यांच्या ओसरीवर बैठक होती, त्यांची अकरावीतली लेक इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली. म्हणाली, "ताई, 'इनसेशिएबल' म्हणजे मराठीत काय हो?"

आम्ही बी.ए. झालेल्या, तरी आम्हालाही जरा आठवावं लागलं. मग सांगितलं, "जिचं कधी समाधानच होत नाही अशी इच्छा." पोरगी म्हणाली, "एवढं लांबलचक नको. एक शब्द सांगा."

झालं! बायांना विषयच मिळाला. एक म्हणाली, हाव. दुसरी म्हणाली, हव्यास. कुणी वखवख सांगितलं, कुणी लोभ, कुणी लालसा. एका म्हाताऱ्या आजीनं सांगितलं, "भस्म्या झालाय म्हणावं. किती बी खा, पोटात राखच व्हायली." आम्ही गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर सगळे शब्द लिहून घेतले. घरी येऊन तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं, पुस्तकं चाळली, आणि जे सापडलं ते आज तुम्हाला सांगायला आलो आहोत.

आपण त्या दिवशी जे केलं, तेच काम दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रजानं केलं होतं. त्याचं नाव जेम्स मोल्सवर्थ. कंपनी सरकारच्या फौजेत तो अधिकारी होता. त्यानं आणि थॉमस व जॉर्ज कँडी या भावांनी मराठी पंडितांना हाताशी धरून मराठी शब्द गोळा केले आणि 1831 साली मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. 1847 साली त्याच्या उलटा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश आला. पहिल्या कोशाची मोठी, सुधारलेली आवृत्ती 1857 साली निघाली. तिच्यात साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. पोथीतले शब्द आहेत तसे चुलीपाशी आणि बांधावर बोलले जाणारेही आहेत. इंग्रजीतल्या एकेका इच्छेसमोर मराठीतली कोणती इच्छा मांडायची, हा प्रश्न त्या पंडितांनाही पडलाच असेल. फरक एवढाच, की त्या खोलीत बाया नव्हत्या.

आता शब्दांकडे येऊ. पहिला शब्द घेऊ तहान. परभणीच्या माणसाला तहान समजावून सांगायला नको. मे महिन्यात हापशावर हंड्यांची रांग लागते, तेव्हा ती आपण अंगावर काढलेली असते. या तहानेचं मूळ संस्कृतात आहे, आणि तिथला शब्द आहे तृष्णा. बोलीत घासून घासून प्राकृतात तिची तण्हा झाली आणि मराठीत तहान झाली. म्हणजे तहान आणि तृष्णा ही एकाच घरातली माणसं. पण बघा, एकीला आपण तांब्याभर पाणी दिलं की ती भागते. दुसरी मात्र कशानंच भागत नाही. शब्द एकच होता, आपण त्याचे दोन केले: गरजेची ती तहान, न संपणारी ती तृष्णा.

इंग्रजीत तहानेला 'थर्स्ट' म्हणतात. भाषांचा अभ्यास करणारे सांगतात, की आपली तृष्णा आणि त्यांचा थर्स्ट हे फार जुन्या काळी एकाच मुळापासून फुटलेले आहेत. साता समुद्रापलीकडच्या बाईची तहान आणि आपली तहान शब्दानंही सख्ख्या निघाल्या.

लोभाला इंग्रजीत 'ग्रीड' म्हणतात. हा शब्द तसा अलीकडचा, चारेकशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या आधी 'ग्रीडी' हा शब्द होता आणि त्याचा जुना अर्थ भुकेला, अधाशी असा होता. म्हणजे आपली आजी भस्म्या म्हणाली, तीच वाट इंग्रजांचीही. आधी पोटाची भूक, मग तोच शब्द पैशाला आणि जमिनीला लागला.

'इनसेशिएबल'मध्ये 'पुरेसं' या अर्थाचा लॅटिन शब्द लपलेला आहे. ज्याला पुरेसं हे ठाऊकच नाही, तो इनसेशिएबल. आणखी एक शब्द आहे 'टँटलाइज'. ग्रीक लोकांच्या कथेत टँटलस नावाचा राजा होता. त्याच्या अपराधाबद्दल देवांनी त्याला पाताळात शिक्षा दिली. हनुवटीपर्यंत पाण्यात उभा, डोक्यावर फळांनी लगडलेल्या फांद्या. प्यायला वाकला की पाणी ओसरतं, हात वर केला की फांदी उंच जाते. समोर दिसतं, पण मिळत नाही.

त्याच कथांत पन्नास बहिणींची गोष्ट आहे. त्यांच्या बापाचं आपल्या भावाशी वैर होतं. मुलींची लग्नं त्या भावाच्या मुलांशी लागली, तेव्हा बापानं हुकूम केला, की पहिल्याच रात्री नवऱ्यांना मारा. एकीनं ऐकलं नाही, बाकीच्यांनी ऐकलं. त्यांना शिक्षा काय, तर भोकं असलेला रांजण जन्मोजन्म पाण्यानं भरत राहायचा. ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या गटातली एक जण चटकन म्हणाली, "हुकूम बापाचा, अन् पाणी भरायला पोरी!" आम्हाला तर हे सुचलंच नव्हतं.

आपल्याकडेही रांजणाची गोष्ट आहे, पण ती वेगळी. गोदेकाठी पैठणला एकनाथ महाराजांच्या वाड्यात देव श्रीखंड्या होऊन राहिला आणि कावडीनं पाणी भरत राहिला, असं आपण ऐकत आलो. नाथषष्ठीच्या वेळी तिथला रांजण आजही भाविक भरतात, आणि तो भरतो. न भरणाऱ्या रांजणाची गोष्ट त्यांची, भरणाऱ्या रांजणाची आपली.

आता खास आपल्या मराठीची गंमत ऐका. आपल्या भाषेत इच्छांना वेगवेगळी क्रियापदं लागतात. तहान भागते. डोहाळे पुरवतात. नवस फेडतात. हौस फिटते. पांग फिटतात, डोळ्यांचं पारणं फिटतं. आणि कर्ज? तेही फिटतं! आपण गटात रोज हाच शब्द वापरतो, "अमकीचं कर्ज फिटलं". म्हणजे मराठी माणसानं इच्छेकडे कर्जासारखं पाहिलं. मनाचं काहीतरी देणं असतं, ते दिलं की मोकळं व्हायचं. आता सांगा, "हाव फिटली" असं कधी ऐकलंत? नाही. हाव सुटते. वारं सुटतं तशी सुटते. तिला हप्ता नाही अन् मुदतही नाही.

हौस शब्दाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. मूळ अरबी शब्द हवस. फारशीच्या वाटेनं तो इकडे आला. आपला जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, सरकारी कारभार उर्दूतून चालायचा, त्यामुळे आपल्या वाडवडिलांच्या कानावर दोन्ही रूपं होती. उर्दूत हवस म्हणजे वाईट लालसा. मराठीत आली आणि तिची हौस झाली: हिरव्या बांगड्यांची हौस, लेकीच्या बारशाची हौस, झोक्याची हौस. बदनाम शब्दाला आपल्या भाषेनं घरात घेतलं, न्हाऊ-माखू घातलं आणि चांगलं वळण लावलं.

आपल्या जुन्या लोकांनी तर जत्रेतल्या माणसांचे तीन प्रकारच करून ठेवले: हौसे, नवसे आणि गवसे. हौसे मजेसाठी येतात, नवसे नवस फेडायला येतात आणि गवसे काही हाती लागतं का ते बघायला येतात. हौशाची हौस संध्याकाळपर्यंत फिटते. नवशाचा नवस फिटतो. गवसा मात्र तसाच पुढच्या जत्रेला निघतो.

पण न संपणारी प्रत्येक इच्छा वाईट, असंही आपल्या परंपरेनं कधी म्हटलं नाही. जनाबाई आपल्या गंगाखेडच्या. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेल्या आणि दळणकांडण करता करता त्यांना विठ्ठलाची ओढ लागली. ती आयुष्यभर भागली नाही आणि भागावी असं त्यांना वाटलंही नसेल. त्या ओढीला कुणी हाव म्हटलं नाही. तिला आपण आस म्हणतो, भक्ती म्हणतो.

बुद्धांनी तण्हेला दुःखाचं मूळ सांगितलं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी धम्म स्वीकारला आणि आपल्या भागातल्या कितीतरी घरांत हा विचार पोहोचला. बाबासाहेबांचा 'द बुद्धा अँड हिज धम्मा' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर 1957 साली आला. त्यात तृष्णेबद्दल लिहिताना त्यांनी एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. तृष्णा सोडा याचा अर्थ गरिबीला चांगलं म्हणा असा नाही, आणि समाधान म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणं नाही. मैत्रिणींनो, हे वाक्य मनात ठेवा. पुढे लागणार आहे.

कारण आता आमच्या वहीच्या पानाकडे परत येऊ. ते पान वाचताना आमच्या लक्षात आलं, की बाईच्या इच्छेला आपल्याकडे मोठ्या मानाचा एकच शब्द आहे, तो म्हणजे डोहाळे. जुन्या वैद्यकग्रंथांत गरोदर बाईला दोन हृदयांची म्हटलं आहे, एक तिचं आणि एक बाळाचं. तिची इच्छा मोडू नये, असंही सांगितलं आहे. म्हणून चिंच मागितली तर चिंच मिळते, झोपाळ्यावर बसवून डोहाळजेवण होतं. पण का? तर ती इच्छा बाळाची धरतात म्हणून. बाळ झालं, बाई पुन्हा एका हृदयाची झाली, की तिला काय पाहिजे हे विचारणं बंद.

मग पुन्हा विचारतात ते कधी? दहाव्याला. पिंडाला कावळा शिवला नाही, की म्हणतात वासना राहिली. मग सगळे हात जोडून विचारतात, माय, तुझं काय राहिलं? सांग, आम्ही करू. जितेपणी मात्र तिनं स्वतः सांगितलं, तर तिला हावरट म्हणतात.

हे आम्ही पुस्तकातलं सांगत नाही. आमच्याच एका गटातल्या बाईची गोष्ट आहे, नाव सांगत नाही. तिचे वडील वारले. पाच एकर कोरडवाहू जमीन आणि दोन भाऊ. तेराव्यानंतर भावांनी कागद पुढे केला. हक्कसोड पत्र होतं. ती म्हणाली, "वाचून तर बघू द्या." वाचलं आणि सही केली नाही. म्हणाली, "मला माझा वाटा पाहिजे." भाऊ म्हणाला, "अक्का, दरसाली साडीचोळी करतोच की. आता जमिनीची बी हाव सुटली का?"

बघा, शब्द कसा धावून आला. दोन भावांना अडीच-अडीच एकर पाहिजे होती, त्याला कुणी हाव म्हटलं नाही. तो हक्क. बहिणीनं आपला वाटा मागितला, ती मात्र हाव.

बैठकीत विषय निघाला तेव्हा आमच्यातलीच एक म्हणाली, "तिला कामून पाहिजे? नवऱ्याचं हाये की." दुसरी म्हणाली, "माहेर तुटंल." आणि खरं सांगायचं तर आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. इतर वेळी ठराव कसा लिहायचा, बँकेत कसं बोलायचं, हे मोठ्या आवाजात सांगणाऱ्या आम्ही! घरी गेल्यावर कळलं, की गप्प का बसलो. आमची स्वतःची सही तसल्याच एका कागदावर आहे. भावानं पाणी पाजून, पाटावर बसवून ती घेतली होती. आम्ही वाचलंसुद्धा नव्हतं. हावरट म्हणतील, ही भीती होती.

पुढच्या बैठकीत आम्ही ते सगळ्यांसमोर बोललो. मग विचारलं, अजून कुणाकुणाची सही आहे? आधी एक हात वर आला, मग दुसरा. शेवटी जवळजवळ सगळ्याच हात वर करून एकमेकींकडे बघत बसल्या.

आता कायद्याचं दोन शब्दांत सांगतो. 1956 सालच्या हिंदू वारसा कायद्यानं मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या स्वतःच्या मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा दिला. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र लेक जन्मानं वाटेकरी नव्हती. आपल्या महाराष्ट्रानं 1994 साली त्यात बदल केला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी बाहेर राहिल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर लेक जन्मानंच लेकाबरोबरीची वाटेकरी झाली, लग्न झालेलं असो वा नसो. बाप त्या तारखेला हयात असायलाच पाहिजे असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. मुस्लिम भगिनींचे नियम वेगळे आहेत, पण लेकीचा वाटा त्यांच्या कायद्यातही सांगितलेला आहे. तेव्हा कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही नाही आणि अंगठाही नाही.

इथे पुन्हा दोन इंग्रजी शब्द आठवतात. इंग्रजीत 'वाँट' म्हणजे पाहिजे. पण या शब्दाचा मूळ अर्थ उणीव असणं, कमी असणं असा होता. पाहिजे हा अर्थ अठराव्या शतकात रुळला. म्हणजे आधी कमी पडतं, मग पाहिजे वाटतं. दुसरा शब्द 'क्रेव्ह'. आज त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीसाठी जीव तळमळणं असा आहे. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता, हक्कानं मागणं! हक्काची मागणी झिजत झिजत तळमळ झाली. आपल्याकडेही बाईची हक्काची मागणी अशीच झिजते, आणि शेवटी तिला हाव हे नाव पडतं.

मग खरी हाव आपल्यात नसतेच का? असते. तेही बोललं पाहिजे. नाबार्डनं 1992 साली देशात पाचशे गट बँकांना जोडण्यापासून सुरुवात केली, आणि आज गावोगाव गट आहेत. गट झाले तसे घरी येऊन कर्ज देणारेही वाढले. आमच्या ओळखीच्या एका बाईनं एक कर्ज फेडायला दुसरं घेतलं, दुसऱ्यासाठी तिसरं. पहिलं कर्ज दवाखान्याचं होतं, ती गरज. दुसरं लग्नातल्या मानपानाचं. तिसरं कशाचं, ते तिलाही नीट सांगता येईना. तिचा रांजण कधी फुटला, हे कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून कर्जाचा अर्ज आला, की आम्ही एक प्रश्न जास्तीचा विचारतो: हे फिटेल का? नुसतं कर्ज नाही, ज्या इच्छेसाठी घेतलं ती इच्छासुद्धा. शेळी घेतली, शिलाई मशीन घेतलं, लेकीची फी भरली, तर मनाचं देणं फिटतं. शेजारणीपेक्षा मोठा मांडव घालायचा असेल तर ते फिटत नाही, कारण शेजारीण पुढच्या वर्षी आणखी मोठा घालते.

तर हाव ओळखायची कशी? आम्हाला एवढंच समजलं. जिला "बस, पुरे" म्हणायची जागा आहे, ती इच्छा. जिला तशी जागाच नाही, ती हाव. आमच्या त्या बाईला विचारलं होतं, "किती पाहिजे गं तुला?" ती म्हणाली, "कायद्यात जेवढा बसतो तेवढाच. एक गुंठा बी जास्त नको." जी बाई गुंठ्याचा हिशेब सांगते, तिला हावरट कसं म्हणायचं?

तिनं अजून सही केलेली नाही. वारसाच्या फेरफारात भावांसोबत तिचंही नाव लागलं आहे. गेल्या दिवाळीला मात्र माहेरचं बोलावणं आलं नाही. भाऊबीजेच्या दिवशी ती ओवाळणीचं ताट करून बसली होती, असं तिची लेक सांगत होती. संध्याकाळी गटातल्या दोघी-तिघी तिच्या घरी जाऊन बसल्या. फार काही बोलल्या नाहीत, चहा घेतला. जमीन मिळाली म्हणून माहेराची ओढ काही फिटत नाही. तीही न भागणारी तहानच आहे, आणि तिला कुठल्या भाषेत काय म्हणतात ते आम्हाला सापडलं नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुम्हीही वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा. एकात फिटणाऱ्या इच्छा लिहा, दुसऱ्यात न फिटणाऱ्या. आणि प्रत्येक इच्छेपुढे लिहा, की तिला हाव कुणी म्हटलं आणि त्यानं स्वतःकडे किती ठेवून घेतलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, लेकींनी लिहावं.

आमच्या त्या अकरावीतल्या पोरीनं आपल्या वहीत 'इनसेशिएबल'समोर शेवटी लिहिलं, "न फिटणारी". एक शब्द मागितला होता, दोन लिहिले. आम्ही म्हटलं, चालेल.